व्यसनाचा डॉक्टर वेगळा का लागतो?

प्रश्न : माझी भाची डॉक्टर आहे. एमबीबीएस झाली, मग मानसोपचारात एमडी केलं. आम्हाला वाटलं, आता नाशिकला येईल, इथेच इंदिरानगरात एखादा गाळा बघून दवाखाना थाटेल, आईवडिलांच्या जिवाला स्वस्थता मिळेल. तर ती म्हणते, आणखी तीन वर्षं शिकायचंय. काय शिकायचंय, तर व्यसन! मी जन्मभर शाळेत शिकवलं. दारूपायी संसार उधळलेले पालक पाहिले, तसे गळ्यात माळ घालून किंवा लेकीच्या शपथेवर एका दिवसात बाटली सोडलेलेही पाहिले. मनात आणलं तर सुटतं, नाही तर ब्रह्मदेव आला तरी सुटत नाही, असं माझं मत आहे. मग डॉक्टरनं तीन वर्षं शिकावं असं यात आहे तरी काय? हे शिकवतं कोण? पूर्वी असे डॉक्टर नव्हते, तरी लोक सुटायचेच ना? आणि आणखी एक. आमच्या शेजारणीला कोणीतरी नवऱ्याच्या भाजीत कालवायची गोळी सांगितली आहे. ती द्यावी का?
– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बाई, गोळीचं आधी सांगतो, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. शेजारणीला आजच निरोप द्या : नवऱ्याच्या नकळत गोळी मुळीच द्यायची नाही.

अशी कालवून द्यायची गोळी बहुधा डायसल्फिरामची असते. १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकबसेन हे दोन संशोधक हे रसायन जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतःच घेऊन पाहिलं आणि त्यावर दारू घेतली की अंगाची पार दशा होते, हे त्यांच्या ध्यानात आलं. १९४८ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. घडतं ते असं : पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि मग त्याचा निचरा होतो. ही गोळी तो निचरा अडवते. मग तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत टिकतो. ज्याला आपल्या पोटात गोळी गेल्याचं ठाऊकच नाही, तो त्याच संध्याकाळी नेहमीसारखा गुत्त्यावर जाणार. हा उपचार नव्हे, हा सापळा झाला. शिवाय कधीतरी ते उघडकीला येतंच, आणि मग तो बायकोच्या हातचं पाणीही संशयानं पितो.

आणि तरीही हे औषध वाईट नाही. आधी यकृत आणि हृदय तपासलेलं असेल, रुग्णानं सगळं समजून होकार दिला असेल, रोज सकाळी बायकोसमोर तो स्वतःच्या हातानं गोळी घेत असेल, तर तीच गोळी काहींचे संसार सावरते. ती कोणाला द्यायची, कोणाला अजिबात द्यायची नाही आणि कोणाला आज नको पण महिन्याभरानं, हा निर्णय घेता येणं म्हणजेच तुमची भाची जे शिकायला निघाली आहे ते.

त्या शिक्षणाचं नाव डीएम, ॲडिक्शन सायकियाट्री. हृदयविकारातल्या किंवा मेंदूविकारातल्या डीएमच्या तोलाची ही अतिविशेष पदवी आहे. साडेपाच वर्षांचं एमबीबीएस, तीन वर्षांचं एमडी, त्यावर ही तीन वर्षं. बंगळुरूचं निम्हान्स, चंदीगडचं पीजीआय आणि दिल्लीचं एम्स ही त्यातली जुनी, जाणती ठिकाणं. एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे. देशात व्यसनांची मोजदाद करायची असली की सरकार त्याच केंद्राकडे जातं. जागा मात्र प्रत्येक ठिकाणी बोटांवर मोजण्याइतक्या. भाचीला त्यातली एक मिळत असेल तर पेढे वाटा.

आता तुमचा मुख्य आक्षेप. माळ घालून सुटलेली माणसं तुम्ही पाहिलीत, आणि ती खरीच आहेत. बऱ्याच जणांचं पिणं डॉक्टरचं तोंडही न पाहता सुटतं, हे कोणताही प्रामाणिक मानसोपचारतज्ज्ञ मान्य करेल. माळ घालणाऱ्याला पाठीशी फड असतो, एकादशी असते, चार माणसांत दिलेला शब्द असतो. हे सगळं बळच आहे. पण एका दिवसात बाटली सोडणाऱ्यांपैकीच काही जणांचं पुढे काय होतं, ते शाळेच्या फाटकातून दिसत नाही.

वर्षानुवर्षं सकाळपासून पिणाऱ्या माणसानं सोमवारी शपथ घेतली असं धरा. त्याच दिवशी काही तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरचे किडे झटकू लागतो, घरच्यांना ओळखत नाही, कुणाशी तरी बडबडत उठून पळू पाहतो. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी लागलंय. देवऋषी शोधला जातो. खरं तर दारू अचानक तुटल्यामुळे मेंदू बेबंद पेटलेला असतो. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस मरतो. त्याची इच्छाशक्ती सोमवारी पक्की होती. घात झाला तो त्यानं शब्द पाळल्यामुळे.

हाच प्रसंग मोटरसायकलवरून पडून पाय मोडलेल्या आणि हाडांच्या वॉर्डात पडून राहिलेल्या माणसावरही येतो. तिथे त्याची दारू आपोआप तुटलेली असते आणि तो रोज पितो हे कोणी विचारलेलंच नसतं. तिसऱ्या रात्री तो सलाईन उपसून काढतो. ड्युटीवरचा शिकाऊ डॉक्टर त्याला वेडा ठरवून पलंगाला बांधायला सांगतो. शिकलेला डॉक्टर लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखं औषध हात राखून न देता पुरेसं देतो आणि दिवसागणिक कमी करत नेतो. यकृत खराब असेल तर यातलं दुसरं टाळतो, कारण ते शरीरात साचत जातं. नुसती ग्लुकोजची बाटली चढवत नाही. त्याआधी किंवा निदान बरोबरीनं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, शिरेतून देतो. पिणाऱ्याच्या शरीरात ते संपलेलं असतं. तशात एकटं ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊन माणूस नवीन काही लक्षात ठेवण्याची शक्तीच गमावू शकतो. दारू सुटली, पण सकाळी मुलगी भेटून गेली हे दुपारी आठवत नाही, अशी माणसं आहेत. थायमिनचं इंजेक्शन अगदी स्वस्त असतं, बाई. कोणाला वेळेवर न सुचल्यामुळे असं आयुष्य वाट्याला यावं, याचा मला मनापासून राग येतो.

ही फक्त दारू. ब्राऊन शुगरचं, म्हणजे गर्दचं, गणित निराळं. तिथे ब्युप्रेनॉर्फिन नावाची जिभेखाली ठेवायची गोळी आहे. ती टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू झाल्यावर दिली तर तासाभरात माणूस शांत बसतो. घाईनं, नशा अंगात असतानाच दिली तर तीच गोळी भयंकर टर्की ओढवते आणि तो पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढत नाही. आणखी एक गोष्ट घरच्यांना कोणी सांगत नाही. महिनाभर केंद्रात किंवा तुरुंगात राहून आलेल्या मुलाच्या शरीराची सवय मोडलेली असते. बाहेर येऊन त्यानं जुन्या मापानं एकदा जरी घेतलं, तरी श्वास थांबू शकतो. बरा होऊन आला म्हणून घर निर्धास्त असतं, आणि सर्वांत धोक्याचे दिवस नेमके तेच असतात.

तुमच्या शहराला तर आता मेफेड्रोन हा अमली पदार्थही नवीन राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या साकीनाका पोलिसांनी नाशिक रोडपलीकडच्या शिंदे गावातला त्याचा कारखाना उघडकीला आणला, तेव्हा नाशिककरांनी मोर्चे काढले. कारखाना बंद करणं पोलिसांचं काम. पण जी पोरं ते घेऊ लागली होती, त्यांची तलफ कारखान्याबरोबर बंद होत नाही. दारूवर किंवा गर्दवर आहे तसं ठरलेलं औषध मेफेड्रोनच्या सवयीवर आजही नाही. झोप, भीती, संशय, आत्महत्येचे विचार यांच्यावर उपचार करायचे, आणि बाकी सगळं बोलण्यातून.

या बोलण्याकडे लोक औषधाइतक्या आदरानं बघत नाहीत, पण शिकायला सर्वांत अवघड तेच. आपल्याकडे व्यसनी माणसाशी बोलायच्या दोनच रीती : रागावणं किंवा रडणं. घरच्यांचं समजू शकतं. पण डॉक्टरही तेच करतात. ‘लिव्हर खराब होईल’ हे रुग्णानं इतकं ऐकलेलं असतं की ते त्याच्या कानावरून ओघळून जातं. १९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मुलाखतीची वेगळी पद्धत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत ती विस्तारली. तिचा गाभा असा, की सोडण्याची कारणं डॉक्टरनं सांगायची नाहीत. ती रुग्णाच्या तोंडून यावीत असे प्रश्न विचारायचे आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं पुस्तकातून येत नाही. शिकणाऱ्या डॉक्टरच्या मुलाखती ज्येष्ठ बघतात, कुठे तो घाईनं उपदेशात घसरला ते दाखवतात, आणि पुन्हा बसवतात. तुम्हीही वर्गावर नव्या शिक्षकाचा पाठ मागच्या बाकावर बसून पाहिला असेल.

तीन वर्षं का, याचंही खरं उत्तर इथेच आहे. व्यसन परत परत उलटणारा आजार आहे. एमडी करताना विद्यार्थ्याची व्यसनोपचारातली पाळी काही महिन्यांची. त्यात त्याला माणूस थरथरत येताना आणि बरा होऊन जाताना दिसतो, मग पाळी संपते. वर्षभरानं तोच माणूस पुन्हा नशेकडे घसरून खाली मान घालून परत येतो, तेव्हा विद्यार्थी दुसऱ्याच वॉर्डात असतो. तीन वर्षं एका जागी राहणाऱ्याला तो माणूस तिसऱ्यांदाही भेटतो. त्या वेळी तोंडावर निराशा न आणता ‘बरं झालं आलात’ म्हणता यावं, यासाठी डॉक्टरच्याही मनाची मशागत व्हावी लागते.

आता, पूर्वी कसं व्हायचं? महाराष्ट्राला याचा इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जोसेफ परेरांनी कृपा फाउंडेशन ही व्यसनमुक्तीची संस्था सुरू केली. पुण्यात अनिल अवचट गर्दच्या विळख्यातल्या मुलांवर लिहीत होते. ते वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाईंनी एक लाख रुपये देऊ केले, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी, मुक्तांगणच्या मोठ्या मॅडमनी. त्या त्याच रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. व्यसनोपचारातली पदवी त्या वेळी देशात नव्हतीच. त्या रुग्णांकडूनच शिकल्या, बरे झालेल्या मित्रांना त्यांनी समुपदेशक केलं, रुग्णांच्या बायकांना सहचरी म्हणून एकत्र बसवलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. काम आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर पुढे नेते आहे.

म्हणून कोणी म्हणेल, बघा, पदवीवाचून झालंच ना! मला उलट वाटतं. एका विलक्षण बाईला जे वर्षानुवर्षं ठेचा खात शोधावं लागलं, ते पुढच्या डॉक्टरला रीतसर शिकायला मिळावं, यासाठीच पदवी असते. नाहीतर मोठ्या मॅडमसारखी माणसं जिथे जन्मतील तिथेच उपचार, आणि बाकीच्या जिल्ह्यांत कुलूपबंद खोल्या. खरंच, पोरांना कोंडून, मारहाण करून ‘सुधारणारी’ केंद्रं आजही बातम्यांत येतात. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार मानसिक आजारात धरले आहेत, आणि रुग्णाला साखळदंड घालायला मनाई केली आहे. शेजारणीचा नवरा कुठे दाखल व्हायला तयार झालाच, तर केंद्राची त्या कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का आणि घरच्यांना भेटू देतात का, एवढं विचारायला सांगा.

जगात ही शाखा फार जुनी नाही. अमेरिकेत १९९१ मध्ये मानसोपचाराची उपशाखा म्हणून तिला मान्यता मिळाली. पुढे तिथल्या ओपिऑइड गोळ्यांच्या साथीत मानसोपचारवाले अपुरे पडू लागले, आणि २०१६ मध्ये फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ अशा इतर शाखांच्या डॉक्टरांसाठीही व्यसनवैद्यकाचं दार रीतसर उघडण्यात आलं. आपल्याकडे हे डीएम फक्त मानसोपचारातल्या एमडी किंवा तिच्या तोडीच्या पदवीनंतरच करता येतं. माझ्या मते आपणही ते दार किलकिलं करायला हवं, कारण आकडे बघा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूसाठी मदतीची गरज असलेले लोक देशात पावणेसहा कोटींच्या घरात आहेत. ज्यांचं पिणं अवलंबित्वापर्यंत गेलं आहे, त्यांतल्या ३८ जणांमागे एकालाच कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. मानसोपचारतज्ज्ञ तर लाखामागे एकही भरत नाही. वर्षाला मूठभर डीएम तयार होऊन हे ओझं उचललं जाणार नाही, ते रात्रंदिवस राबले तरी.

तेव्हा या तज्ज्ञानं किती रुग्ण तपासले यापेक्षा किती जणांना शिकवलं हे मोलाचं. निम्हान्समधून व्हिडिओ कॉलवर दूरदूरच्या जिल्ह्यांतले डॉक्टर आपले रुग्ण मांडतात आणि सल्ला घेतात. त्या वर्गांतून कित्येक सरकारी दवाखान्यांत व्यसनाचे उपचार सुरू झाले. आपल्या शेजारी गोव्यात संगत या संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी डॉक्टर नसलेल्या, स्थानिक, प्रशिक्षित समुपदेशकांना बसवलं. घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी चारपर्यंत बैठका. तीन महिन्यांनी, ज्यांना या बैठका मिळाल्या त्यांच्यातल्या ३६ टक्के लोकांचं पिणं धोक्याच्या रेषेखाली आलं होतं. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. दहा टक्क्यांचा हा फरक साध्या माणसांनी साधला, पण त्यांना शिकवायला, अडलं तिथे हात द्यायला मागे जाणते लोक होते. आणि फार पुढे गेलेल्या, फिटा येणाऱ्या रुग्णाला त्यांच्यापलीकडचा डॉक्टर लागतोच.

इथे नाशिकचा संबंध येतो, आणि तो तुम्हाला वाटतो त्याहून जवळचा आहे. तुम्ही शहराच्या एका टोकाला राहता. दुसऱ्या टोकाला, दिंडोरी रोडवर म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ पासून, अभिमत विद्यापीठं वगळता, राज्यात डॉक्टर होणारी बहुतेक सगळी मुलं त्याचीच परीक्षा देतात. अभ्यासक्रमाची चौकट दिल्लीत राष्ट्रीय वैद्यक आयोग ठरवतो, हे खरं. त्या चौकटीत मानसोपचाराला एमबीबीएसमध्ये स्वतंत्र उत्तीर्ण होण्याचा विषय म्हणून जागा नाही. तो मेडिसिनच्या पोटात येतो. आणि मुलं परीक्षेत येईल तेच वाचतात, हे तुम्हाला मी काय सांगावं! विद्यापीठानं ठरवलं तर इंटर्नशिपला निघालेल्या प्रत्येक मुलाकडून एवढं तरी पक्कं करून घेता येईल : प्रत्येक रुग्णाला दारू-तंबाखूचं सरळ विचारणं, थरथर ओळखणं, थायमिन देणं, आणि कोणाला पुढे पाठवायचं ते जाणणं. मोठ्या पदवीपेक्षा याचा परिणाम इंदिरानगरातल्या, सिडकोतल्या, पाथर्डी फाट्यावरच्या दवाखान्यांत आधी दिसेल. कारण पिणारा माणूस सर्वांत आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जातो, ॲसिडिटीची गोळी मागायला.

राहिला भाचीच्या पोटापाण्याचा प्रश्न. तो तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रात जाणवतो. साध्या मानसोपचाराच्या दवाखान्यापेक्षा यात सुरुवातीला कमाई कमीच असेल. रुग्णाचे पैसे आधीच उधळलेले असतात, आणि नातेवाईक तिच्यावरही चिडतील. बरेच हुशार डॉक्टर याच कारणांनी या वाटेला जात नाहीत. ती जाते आहे, तर घरातून तिला ‘हे काय शिकणं’ असं ऐकवू नका. तीन वर्षांनी ती नाशिकला परतली, तर तिच्याकडून एक मात्र मागून घ्या : महिन्यातली एक दुपार तिनं आपला दवाखाना बंद ठेवावा आणि तुमच्या भागातल्या फॅमिली डॉक्टरांना बोलावून त्यांचे अडलेले रुग्ण त्यांच्याबरोबर चर्चेला घ्यावेत. त्या दुपारची जमवाजमव तुम्ही करा. वर्ग भरवायचं तुम्हाला माहीत आहे. तोवर शेजारणीनं स्वतःसाठी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोलून घ्यावं. नवरा तयार नसला, तरी तिनं एकटीनं फोन केला तरी चालतो.